माशाला नथ, मावशीला मज्जाव

गेल्या दीडशे वर्षांत बंगाली लग्नात सगळ्यात जास्त काही बदललं असेल तर ते जेवण. आणि त्यावरून कोणाचा धर्म बुडाल्याचं ऐकिवात नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्यात भद्रलोकांच्या, म्हणजे सुशिक्षित उच्चवर्णीयांच्या, लग्नाची पंगत म्हणजे ‘पाका फलार’. पानात भात नाहीच. भात आला की तो कोणी शिजवला, कोणाच्या चुलीवर शिजवला, हे प्रश्न आले. परक्याच्या घरचा भात खाल्ला तर जात जायची. तुपात तळलेल्या लुचीला, म्हणजे मैद्याच्या पुरीला, मात्र तो विटाळ नव्हता. म्हणून लुची, भाजी, दही, क्षीर, संदेश. भाजीसुद्धा अळणी, कारण मीठ घालून शिजवलेलं परक्याच्या हातचं चालायचं नाही. मीठ पानाच्या कडेला वेगळं वाढायचं आणि ज्याने त्याने घालून घ्यायचं. ज्या लुचीचं आज आपण ‘बंगाली आदरातिथ्य’ म्हणून कौतुक करतो, तिच्यामागे हा सगळा सोवळ्या-ओवळ्याचा हिशेब होता.

पुढे भात आला, मासे आले, मटण आलं. मंडपात लांब लाकडी टेबलं, त्यांवर गुंडाळीचा पांढरा कागद, केळीचं पान, मातीचा ‘भांड’. ओडिशातून आलेले ब्राह्मण आचारी परसात चुली मांडायचे. मिठाईवाले मोयरा घरीच येऊन ‘भियेन’ बसवायचे, म्हणजे आदल्या रात्रीपासून तिथेच छेना मळून रोसोगोल्ले पाकात सोडायचे. वाढपी म्हणजे गल्लीतली पोरं. कमरेला गमछा बांधून, हातात बादल्या घेऊन ती धावायची: बेगुन भाजा, खोबऱ्याचे काप घातलेली छोलार डाल, माशाचं डोकं घालून केलेली मुगाची डाळ, रुई म्हणजे रोहू माशाचा कालिया, चटणी, पापड, दही, मिठाई, पान. हा क्रम ठरलेला असे. त्यातली चटणी म्हणजे टोमॅटो, खजूर आणि आंबापोळीचा गोड पदार्थ, आणि ती वाढली की जेवण आवरतं घ्यायचं. नवखा मराठी पाहुणा पहिल्या घासापासून पानाच्या डावीकडे तिची वाट बघतो, आणि ती येते तेव्हा ‘आता आणली?’ म्हणून मनातल्या मनात यजमानाला नावं ठेवतो.

आता हेही मागे पडलं. केटरर आला, उभ्याउभ्याने जेवणं आलं, ताटामागे दर आला. फिश फ्राय आणि कासुंदी टिकून आहे, पण तिच्याशेजारी फुचक्याचा म्हणजे पाणीपुरीचा ठेला, पनीर आणि हमखास बिर्याणी. वाजिद अली शाहची लखनौची गादी गेली आणि तो १८५६ मध्ये कलकत्त्याच्या मटियाबुर्जला येऊन राहिला, तेव्हापासून या शहराला बिर्याणीची ओळख. पण ती हिंदू लग्नाच्या पंगतीत मानाने बसेल असं जुन्या फलारवाल्यांना स्वप्नातही वाटलं नसतं. मधल्या काळात सरकारनेही हात घालून पाहिला. १९६५ मध्ये प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारने दुधाच्या टंचाईपायी छेन्याच्या मिठाईवर बंदी आणली. बंगाली लग्नातून संदेश-रोसोगोल्ला काढून घेणं म्हणजे केवढा घाव! लोक चिडले, सरकारला शिव्याशाप दिले, पण संदेश नाही म्हणून मुहूर्त काही कोणी पुढे ढकलला नाही.

तर जातीने बांधलेली पंगत मोडली, क्रम मोडला, आचारी बदलले, वाढपी बदलले, पदार्थ बदलले. कोणी परिषद भरवली नाही, पोथी उघडली नाही. यजमानांना वाटलं, त्यांनी बदललं.

आता कनकांजलीकडे येऊ.

पाठवणीच्या वेळी नवरी दाराकडे तोंड आणि घराकडे पाठ करून उभी राहते. तिच्या ओंजळीत तांदूळ आणि नाणी देतात. ती ते डोक्यावरून मागे फेकते, आणि मागे उभी असलेली आई पदर पसरून ते झेलते. असं तीनदा. दर वेळी मुलीने म्हणायचं, ‘आई, तुमचं सगळं ऋण फेडलं.’ बाकीच्या बायका उलुध्वनी करतात, शंख वाजतो, आई हुंदके देत असते, मुलीचा आवाज फुटत नसतो, आणि कोणीतरी काकू कानाशी सांगत असते, ‘म्हण, म्हण, मोठ्याने म्हण.’ २०१९ मध्ये एका नवरीचा व्हिडिओ खूप फिरला. आईवडिलांचं ऋण असं फेडता येत नाही, मी हे म्हणणार नाही, असं ती हसतहसत सांगत होती. पुष्कळांनी तिची पाठ थोपटली. आणि पुष्कळांना त्या दिवशी परंपरा आठवली. हजारो वर्षांची, शास्त्राने सांगितलेली, आजच्या मुलींना न कळणारी परंपरा.

माझं म्हणणं याच शेवटच्या वाक्याबद्दल आहे. कारण कनकांजली शास्त्रात नाही.

बंगाली लग्नाचे दोन पदर आहेत, आणि ते बंगाली घरांमध्ये वेगळे ओळखले जातात. एक पुरोहिताचा: नांदीमुख, संप्रदान म्हणजे कन्यादान, होम, लाह्यांची आहुती, सप्तपदी. यासाठी पोथ्या आहेत, सामवेदी आणि यजुर्वेदी घरांच्या पद्धती वेगळ्या आहेत, सोळाव्या शतकातल्या नवद्वीपच्या रघुनंदन भट्टाचार्यांचे धर्मशास्त्रावरचे निबंधग्रंथ आहेत. दुसरा पदर ‘स्त्री-आचार’. पहाटे नवऱ्या मुलाला नि मुलीला दही-पोहे भरवण्याचा दधिमंगल, गाये होलुद म्हणजे हळद, नवरदेवाचं ‘बरण’ म्हणजे ओवाळणी, बाशोर म्हणजे लग्नाच्या रात्रीची गाण्या-थट्टेची जाग, कनकांजली, सासरच्या पहिल्या रात्री नवरा-बायकोने एकमेकांचं तोंडही न बघण्याची कालरात्री, नव्या सुनेने भात वाढण्याचं बौभात. इथे पुरोहिताला काही काम नसतं. तो एका बाजूला चहा पीत बसलेला असतो. इथे हुकूम चालतो तो आत्याचा, मामीचा, मोठ्या वहिनीचा.

स्त्री-आचाराला धर्माचीही कुंपणं फारशी लागलेली नाहीत. गाये होलुद बंगाली मुसलमान घरांमध्येही तितक्याच हौसेने होतो, ढाक्यातही होतो, आणि बांगलादेशात वलीम्याला, म्हणजे लग्नानंतरच्या मेजवानीला, सर्रास ‘बौभात’ म्हणतात. जो विधी दोन धर्मांमध्ये एकाच नावाने नांदतो, तो वेदातून आला असं सांगणं जरा कठीणच.

बरं, शास्त्राचं तरी काय म्हणणं आहे? आश्वलायन गृह्यसूत्र विवाहाचा विधी सांगायला घेतानाच म्हणतं, की देशोदेशीचे नि गावोगावचे धर्म नाना प्रकारचे असतात, लग्नात ते पाळावेत. आपस्तंब गृह्यसूत्र त्याहून स्पष्ट आहे: हे आचार बायकांकडून समजून घ्यावेत. म्हणजे सूत्रकारांनीच हा प्रांत आपला नाही म्हणून हात वर केले आहेत. आचार काय ते घरातल्या बायका सांगतील. मग घरातल्या बायकांनी ठरवलं की यंदापासून कनकांजली नाही, किंवा तांदूळ फेकायचे पण ऋणाचं काही बोलायचं नाही, तर त्यांना अडवणारं शास्त्र कोणतं? कायद्याचाही अडसर नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम दोन पक्षांपैकी कोणत्याही एकाच्या रूढीप्रमाणे झालेला विधी मानतं. अगदी कन्यादानसुद्धा विवाहाला आवश्यक नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगून टाकलं.

हे इतकं सोपं असून बंगालमध्ये त्यावर गाडी का अडते? मला वाटतं, बंगाली सुधारणेला पहिल्यापासून पोथीशी वाद घालण्याची सवय लागली. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाची लढाई पराशरस्मृतीच्या आधाराने लढवली. शास्त्र मानणाऱ्यांना शास्त्रातच चीत करायचं, हा त्यांचा डाव, आणि त्या काळात तो अचूक होता; १८५६ चा कायदा झाला, त्यांचं पुस्तक विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत आणलं, आपल्याकडच्या वादालाही त्याने दारूगोळा पुरवला. ब्राह्मो समाजाच्या सुधारकांनी दुसरी वाट धरली. केशवचंद्र सेनांच्या खटपटीने १८७२ मध्ये नोंदणी विवाहाचा कायदा झाला, पण त्याखाली लग्न करायचं तर आपण हिंदू नाही असं लिहून द्यावं लागे. आणि सहाच वर्षांनी खुद्द केशवचंद्रांनी आपल्या अल्पवयीन मुलीचं लग्न कुचबिहारच्या राजाशी लावलं, तेव्हा ब्राह्मो समाज दुभंगला. आमच्या जोतीराव फुल्यांचं पाहावं तर त्यांनी आधार शोधण्यात वेळच घालवला नाही. सत्यशोधक समाजाने १८७३ मध्ये भटाशिवाय लग्न लावलं आणि मंगलाष्टकं नवी लिहिली, ज्यांत वधू आपला हक्क मागते आणि वर कबूल करतो. बंगाली भद्रलोकाला अशी सरळ कृती थोडी अडाणीपणाची वाटते, असा माझा जुना संशय आहे. त्याला आधी आधार लागतो.

आजच्या काळातला सगळ्यात नावाजलेला प्रयत्नही त्याच परंपरेतला आहे, आणि तो मला मनापासून आवडतो. संस्कृतच्या अभ्यासक नंदिनी भौमिक आणि त्यांचा ‘शुभमस्तु’ हा गट कोलकात्यात लग्नं लावतो. पौरोहित्य चौघी बायका करतात. संस्कृत मंत्र, त्यांचा बंगाली अर्थ, मधे रवींद्रसंगीत. साधारण तासाभरात लग्न. कन्यादान नाही. २०२१ मध्ये त्यांनी दक्षिण कोलकात्यातल्या ६६ पल्लीची सार्वजनिक दुर्गापूजाही केली. त्यांच्या आधी गौरी धर्मपाल यांनी वैदिक विवाहाची नवी मांडणी करून ठेवली होती. पुण्याच्या वाचकाला यात फार नवल वाटणार नाही. शंकर सेवा समिती आणि ज्ञान प्रबोधिनी यांच्यामुळे स्त्री पुरोहित आपल्याकडे कित्येक वर्षं रुळल्या आहेत. पण कोलकात्यात त्याची केवढी चर्चा झाली!

तरी माझी एक अडचण आहे. पुरोहिताच्या आसनावर बाई बसली की लग्नातला पोथीचा पदर बदलतो. आसनापलीकडे अंगणात जे चालतं त्याला हात लागतोच असं नाही. संप्रदान गाळलेल्या लग्नातही निघताना नवरदेव आईला सांगून आलेला असतो, ‘आई, तुझ्यासाठी दासी आणायला चाललोय.’ आणि दुसऱ्या दिवशी तीच नवरी पाठमोरी उभी राहून ऋण फेडते. तिसऱ्या दिवशी बौभाताच्या दुपारी नवरा तिच्या हातात भाताचं ताट नि साडी देऊन म्हणतो, ‘आजपासून तुझ्या भात-कपड्याची जबाबदारी घेतली.’ नवरी कदाचित त्याच्यापेक्षा जास्त कमावत असते, सगळे हसतात, तीही हसते.

‘अहो, ही गंमत आहे, कोण मनावर घेतं?’ हा यावरचा पहिला बचाव. गंमतच असेल तर सोडायला इतकं जड का जावं? बिर्याणी आणताना कोणी म्हणालं नाही की कालिया ही आमची ओळख आहे, ती गेली तर आम्ही गेलो. ‘दासी’ शब्द काढा म्हटलं की मात्र ओळख धोक्यात येते. आणि सगळं काही गमतीत चालत नाही. बंगाली लग्नात एक माणूस असं असतं ज्याच्या बाबतीत कोणी थट्टा करत नाही, आणि ते म्हणजे घरातली विधवा.

इथे पुन्हा ताटातूनच जावं लागतं. सवर्ण बंगाली विधवेला मासा वर्ज्य होता. मटण, कांदा, लसूण तर नाहीच. मसूर डाळसुद्धा नाही. एकादशीला पाण्याचा थेंब नाही. मासा म्हणजे सौभाग्य. म्हणूनच गाये होलुदच्या दिवशी वराकडून वधूकडे ‘तत्त्व’ जातं, ओळीने मांडलेली ताटं, साड्या, मिठाई, साजशृंगार, त्यात मानाचं ताट असतं ते एका मोठ्या रुई माशाचं. त्याला साडी नेसवतात, नाकात नथ घालतात, कपाळाला शेंदूर लावतात, तोंडात विडा देतात. वऱ्हाडातली पोरंटोरं त्याच्याबरोबर फोटो काढतात. सुंदर प्रकार आहे, मला त्याचं अजूनही कौतुक वाटतं. पण ज्या हातांनी पिढ्यान् पिढ्या मोचार घंट, शुक्तो, धोकार डालना असे बिनमाशाचे पदार्थ रांधून बंगाली स्वयंपाकाची अर्धी कीर्ती उभी केली, त्या हातांना या ताटाला शिवायची मुभा नाही. हळद लावायला ‘एयो’ लागतात, म्हणजे सवाष्णी. तांदळाच्या पिठाची रंगीत ‘श्री’ घडवायला सवाष्ण, बरणडाला म्हणजे ओवाळणीचं सामान धरायला सवाष्ण. आणि विधवा मावशी? ती दाराच्या आत बसून सगळं सांगत असते. ‘आता पान द्या. दिवा डावीकडे नको. अगं, सूप आधी कपाळाला टेकव.’ तिला सगळं पाठ असतं, बाकीच्यांना नसतं. मासा आता बऱ्याच घरांत विधवा खातात, पांढरी साडीही मागे पडली. बरणडाल्याची वेळ आली की मात्र ती आपली आपण उठून स्वयंपाकघरात जाते. कोणी हाकललेलं नसतं.

आपल्याला नाकं मुरडायला जागा नाही. हळदीला सवाष्णी मोजायच्या, हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचं नाही हे न सांगता समजून असायचं, हे मराठी घरांतही आहे. पण २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि पाठोपाठ राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. ठरावाने एका रात्रीत मनं बदलली नसतील. हेरवाडला मला महत्त्वाची वाटते ती त्यांची पद्धत: आचार गावाचा, म्हणून गावाने बसून बदलला. आश्वलायनाला विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं.

तशीच गोष्ट आईची. बंगालमध्ये आईने मुलाचं लग्न बघायचं नाही; पुष्कळ घरांत मुलीचंही नाही. अमंगल होतं, नजर लागते. (आपल्याकडेही कित्येक घरांत मंगलाष्टकं चालू असताना मुलीची आई तुळशीला पाणी घालत बसते.) माझ्या ओळखीच्या, कोलकात्याच्या बेहाला भागातल्या एका घरात वरमाय रीतीप्रमाणे घरीच थांबली. मांडवातून धाकट्या भाच्याने व्हिडिओ कॉल लावला. तिने फोन देव्हाऱ्यासमोरच्या स्टुलावर उभा केला आणि पान खात शुभदृष्टी बघितली: चार भावांनी पाटावर उचललेली नवरी, चेहऱ्यावर धरलेली दोन विड्याची पानं, सात फेरे, आणि मग पानं बाजूला. रेंज गेली तेव्हा तिने भाच्याला जी बोलणी ऐकवली ती गल्लीत ऐकू गेली. दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारलं, ‘पाहिलंत ना शेवटी?’ तर म्हणाली, ‘फोनवर पाहिलं, ते पाहिल्यात जमा होत नाही.’ बायका रूढीतून अशी वाट काढतातच. माझं इतकंच म्हणणं आहे, की फोनच्या पळवाटेने जे साधतं ते समोरच्या खुर्चीवर बसून का नको?

दुसरा आक्षेप मात्र मी हलक्यात घेत नाही. तो असा: तुम्ही एकेक आचार उपटत चला, शेवटी हातात काय उरेल? हिंदी सिनेमातलं लग्न. मेहंदी, संगीत, ढोलावर नाचणारी वरात, सगळीकडे एकच. हे भय खरं आहे. कोलकात्यातल्या लग्नांमध्ये आता संगीताला नाच बसवणारे पैसे देऊन आणतात, आणि बाशोरघरात, जिथे रात्रभर गाण्याची बंगाली रीत आधीपासून होतीच, तिथे साडेबाराला सगळे आडवे. मेव्हण्यांनी सकाळी ‘शय्या तुलुनी’चे पैसे मागायचे, म्हणजे बिछाना आवरू द्यायची लाच, तर हल्ली बूट पळवण्यावरच वेळ जातो, जे त्यांनी पडद्यावर पाहिलं. टोपोर म्हणजे नवरदेवाचा मुकुट शोल्याचा असायचा. पाणथळीत उगवणाऱ्या शोल्याच्या पांढऱ्या भेंडातून मालाकार पातळ पापुद्रे काढून तो घडवतात. पूर्व वर्धमान जिल्ह्यातलं बनकापाशी हे गाव त्या कामासाठीच ओळखलं जातं. त्याच्या जागी थर्माकोल येतोय. हे गेलं तर खरंच काही जातं.

पण ते घालवतंय कोण? ‘दासी’ म्हणायला नको म्हणणारी मुलगी नव्हे. बायकांचं काम बायकांच्या हातून काढून ज्यांना ठेक्याने दिलं, ते घालवतायत. स्त्री-आचार लवचीक होता, कारण तो करणाऱ्याच्या हातात होता. या घरची ‘श्री’ त्या घरच्यासारखी नसायची, पूर्व बंगालातून आलेल्या बांगाल घरांची रीत निराळी, पश्चिमेच्या घोटींची निराळी. इव्हेंटवाल्याकडे एकच बंगाली लग्न असतं. त्याच्या यादीत सगळं असतं, हळदीला पिवळी छत्री, तत्त्वाला सजवलेला मासा, आणि कनकांजलीला दोन कॅमेरे. ही माझी पक्की तक्रार आहे: कनकांजली टिकून राहण्यात आज आजीपेक्षा फोटोग्राफरचा वाटा मोठा आहे. तांदूळ हवेत, मागे आईचा पदर, चेहऱ्यावर पाणी, संथ गतीत. व्हिडिओचा शेवट म्हणून त्याला तोड नाही. आजीला समजावता येतं. ‘तो शॉट राहिला तर अल्बम अपुरा वाटेल’ म्हणणाऱ्याशी काय वाद घालणार?

म्हणून झटपट नोंदणी करून सगळ्यालाच रजा द्या, हा सल्ला मला पटत नाही. ज्यांना नोंदणीच करायची त्यांनी जरूर करावी. पण ज्यांना शांखा-पोला, म्हणजे शंखाच्या नि पोवळ्याच्या बांगड्या, हव्या आहेत, आलत्याने रंगलेले पाय हवे आहेत, पानांआडून ती पहिली नजर हवी आहे, त्यांच्यापुढे ‘घ्या तर सगळं घ्या, नाहीतर काहीच नको’ असा पेच टाकायचं कारण नाही. स्त्री-आचारात ठेवण्यासारखं भरपूर आहे. बौभाताचंच बघा. त्याचं दुसरं नाव पाकस्पर्श. नव्या सुनेने वाढलेला भात सासरच्या भाऊबंदांनी खाल्ला, म्हणजे तिला कुळात घेतलं. फलाराच्या दिवसांत, जेव्हा कोणाच्या हातचा भात खायचा यावर जात ठरायची, तेव्हा हा लहान प्रसंग नव्हता. तो एक जाहीर करार होता. आज जातीचं ते ओझं फेकून द्यावं आणि भात ठेवावा. तिने वाढावा, त्यानेही वाढावा, आणि भात-कपड्याची जबाबदारी घ्यायचीच असेल तर दोघांनी एकमेकांची घ्यावी. काही जोडपी हे करू लागली आहेत, आणि त्यासाठी पंगत उठून गेल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

मग अडतं कुठे? दमदमच्या एका घरात मुलाचं लग्न ठरलं. मुलाला वाढवलं होतं त्याच्या विधवा पिशीने, म्हणजे आत्याने. नवरा मुलगा म्हणाला, बरण पिशीच करेल. घरात कुजबुज झाली. सगळ्यांना वाटलं पुरोहित मोडता घालतील. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, ‘माझ्या पोथीत बरणाचा विषयच नाही. तो तुमचा बायकांचा कारभार, मला कशाला मधे घेता?’ विरोध आला तो खुद्द पिशीचा. पोराचं काही बरंवाईट झालं तर जन्मभर माझ्या डोक्यावर, म्हणाली, आणि दोन दिवस जेवली नाही. तिला मनवायला मुलाच्या आईला तीन आठवडे लागले. शेवटी तोडगा निघाला तो असा, की दोघींनी मिळून एक बरणडाला धरायचा, एक हात हिचा, एक हात तिचा. मला हा तोडगा अर्धवट वाटला होता. त्या दोघींना तो पुरेसा वाटला, आणि अधिकार त्यांचा होता.

बंगाली घरात लग्नाआधी दोन-तीन महिने ‘फर्द’ करायला बसतात. सुपारीपासून सुपापर्यंत सगळ्याची यादी. केटररच्या मेनूवर आता तीन-तीन बैठका होतात, चाखायला माणसं जातात, फिश फ्रायला भेटकी मिळणार की दुसराच मासा खपवणार यावर आवाज चढतात. बरणडाला कोण धरणार, आई कुठे बसणार, पाठवणीला मुलीने काय म्हणायचं, हे मात्र कोणी यादीत लिहीत नाही. ते ‘ठरलेलंच’ असतं. लग्नाच्या सकाळी हे बदलायला गेलं तर नुसती रडारड होते, कारण पिशीला तीन आठवडे लागतात. तेव्हा हा विषय फर्द करतानाच काढावा, मटणाच्या आधी, आणि पिशीला समोर बसवून.